बोटीवरची बीज

॥ श्री ॥
सोनाळा,
रविवार, दि. २८ सप्टेंबर २००८

चि. गजेंद्रले आशाअक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या दुकानातला सहदेव काल इथं बाजाराले आलता. त्याच्याकून समजलं की तू कपाशीच्या, आपल्या पऱ्हाटीच्या, बियाण्याची अडीच हजार पाकिटं विकली, म्हणून कंपनी तुले अन् विमलले बोटीवर फिराले नेऊन राह्यली. पहिले आनंद झाला. मंग हासूच आलं. बापा, तुले अमडापूर ते चिखली एसटी लागते, अन् तू समुद्रावर जाते? लहानपणी शेगावले जाताना खामगावच्या पुढं तू माझ्या नव्या परकरावर काय केलं, ते मी आजवर कोणाले सांगतलं नाही. म्हणजे गावातल्या दोन-चार बायांलेच सांगतलं.

चेष्टा राहू दे. सहदेव म्हणे बोट पाडव्याले सुटते. म्हणजे बीजेच्या दिवशी तू पाण्यावर. मंग मी ओवाळू कोणाले? माझ्या लग्नाले एकोणीस वर्षं झाली. भाऊबीजेले मले माहेरी आणाले तू पहिल्या वर्षी तेवढा आला अन् रस्त्याभर ओकत आला. तेव्हापासून तुझ्याऐवजी सहदेव येते. त्याच्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही, कारण अमडापूरले पोचली की पाटावर तू बसेल राह्यते.

आमच्या शेजारच्या सोजराबाईले भाऊ नाही. ती दरसाल अंगणात उभी राहून बीजेच्या चंद्राले ओवाळते. मी माहेराहून आली की तिले तुझी साडी दाखवते अन् मनात बिचारी म्हणते. यंदा मी तिच्या संगं उभी राहू काय? मले भाऊ हाये, चांगला जितता, पंचाऐंशी किलोचा.

वावराचं म्हणशीन त पऱ्हाटी लाल्या रोगानं लाल पडून राह्यली, साऱ्या शिवाराचीच. ज्यांच्या वावरात लाल्या, त्यांच्या दुकानदाराले निळा समुद्र, असं तुझे दाजी म्हणतात. मोठ्या पाकिटासंगं साध्या पऱ्हाटीचं जे लहान पाकीट येते, ते मी आतल्या कागदावर लिहिलं तसं वावराच्या चारी कडेनं पेरलं होतं. सारं गाव हासलं. हासू दे, कोणीतरी समजूनच छापलं असंन.

बोटीची तारीख पुढं-मागं होते काय ते इचारून कळवजो. विमलले आशीर्वाद. उत्तराची वाट पाहते.

तुझी,
आशाअक्का


॥ श्री ॥
अमडापूर,
दि. ६ ऑक्टोबर २००८

ती. सौ. आशाअक्काचे चरणी गजेंद्राचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र पावले. सहदेवाच्या तोंडाला कुलूप नाही हे पुन्हा एकदा सिद्ध झाले.

अक्का, कंपनी याला सहल म्हणत नाही, सन्मान म्हणते. मुंबईहून गोवा आणि पुढे खोल समुद्र, असा पाच दिवसांचा सन्मान आहे. चौथ्या दिवशी संध्याकाळी बोटीवरच समारंभ आहे. त्यात निवडक विक्रेत्यांनी पाच मिनिटे भाषण करायचे आणि त्यातून जिल्ह्याचा मुख्य विक्रेता जाहीर व्हायचा. माझ्याविरुद्ध दुसरबीडचे भाऊराव आहेत. माणूस गोड बोलतो, पण आकडा माझा मोठा आहे. अशा प्रसंगी कंपनीला तारीख बदला असे सांगणे शोभत नाही. शिवाय भाऊबीज कार्तिकी पुनवेपर्यंत चालते, हे तुझ्याच तोंडून ऐकलेले शास्त्र आहे. साडी सहदेवासोबत पाठवतो. परतल्यावर पाहू.

बोट लागण्याची चिंता करू नकोस. रोज सकाळी नाश्ता करून मी ओसरीतल्या बंगईवर उभा राहतो, विमल झोका देते आणि मी भाषण म्हणतो. पहिल्या दिवशी "सन्माननीय व्यासपीठ" इथपर्यंतच पोचलो. काल चौथ्या वाक्यापर्यंत गेलो. शेजारच्या जमीलाभाभी भिंतीवरून पाहत असतात. भाऊंवरून काही उतरवून टाकायचं आहे का, असे त्यांनी विमलला काळजीने विचारले.

त्या लहान पाकिटाबद्दल एवढेच म्हणतो की माझ्या अडीच हजार पाकिटांतले एकही लहान पाकीट कोणी पेरले नाही, तुझा अपवाद सोडून. मी काउंटरवरच सांगतो, हे सरकारच्या समाधानासाठी आहे, इथेच ठेवून जा. मागच्या खोलीत त्यांची पाच पोती साचली आहेत. प्रत्येक गोष्टीवरचा कागद वाचत बसलो असतो तर आज बोटीवर गेलो असतो का, तूच सांग.

दाजींना नमस्कार. तुझी माया आहे तशीच ठेव, फक्त परकराची गोष्ट आणखी कोणाला सांगू नकोस.

तुझा,
गजेंद्र


॥ श्री ॥
सोनाळा,
दि. १६ ऑक्टोबर २००८

चि. गजेंद्रले आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून मले वाईट वाटलं. सरळ सांगते, कारण फोनवर सांगतलं असतं त तू हो-हो म्हणून मोकळा झाला असता. मी साडीसाठी येते असं तुले वाटते काय बे? साड्या सोनाळ्याच्या बाजारात बी भेटतात. वर्षातून एक दिवस कोणीतरी माझी वाट पाहते, त्याच्यासाठी मी येते. जा तू बोटीवर, तुझं काम मोठं हाये. पण शास्त्र मले नको शिकवू.

तुझ्या लहान पाकिटाचं आता ऐकून घे. आमच्याकडे कृषी सहायक आलता, त्यानं समजावून सांगतलं. कडेच्या साध्या पऱ्हाटीवर जे अळी जगते ते गरीब राह्यते, बीटी खाल्ली की मरते. तिची अन् आतल्या, मोठ्या पाकिटाच्या बीटी पऱ्हाटीवर जगलेल्या अळीची सोयरीक झाली त पोट्टे बी गरीब निंघतात. कडेले जागाच नाही ठेवली त साऱ्या अळ्या मुजोर होतीन, मंग कोणतंच बियाणं टिकणार नाही. म्हणजे ते लहान पाकीट अळीचं माहेर हाये, गजू. कंपनीले अळीच्या माहेराची काळजी हाये, अन् तू त्याची पोती भरून मागच्या खोलीत टाकते.

संगं पुडकं पाठवून राह्यली. त्यात आवळकाठी, ओवा, चार लिंबं अन् एक चिठ्ठी हाये. काय कधी खाचं, कुठी बसाचं, कुठी पाहाचं, सारं चिठ्ठीत लिहिलं हाये. डॉक्टरकून गोळी बी घेजो, अन् तिच्यावर काय छापलं ते वाचजो. मेहेरबानी करून वाचजो.

घराची किल्ली जमीलाभाभीकडे ठेवजो. काऊन ते इचारू नको.

रागावली हाये तरी तुझीच,
आशाअक्का


॥ श्री ॥
अरबी समुद्र,
गुरुवार, दि. ३० ऑक्टोबर २००८, बीज

ती. सौ. आशाअक्काचे चरणी साष्टांग नमस्कार, वि. वि.

या भव्य जहाजावरून तुला पत्र लिहिताना अत्यंत आनंद होत आहे. जहाजाला नऊ मजले असून आमची खोली चौथ्यावर आहे. खोलीला एक गोल खिडकी आहे व त्या खिडकीतून समुद्र वर जाताना आणि खाली येताना

जरा जाऊन आलो. तर, खिडकीला पडदा लावला आहे. जेवणाची व्यवस्था उत्तम आहे असे विमल सांगते. ती रोज तीनदा जाऊन येते. जिने शेगावच्या पुढे जग पाहिले नाही ती बाई इथे वाऱ्यात उभी राहून आइस्क्रीम खाते आणि

पुन्हा जाऊन आलो. अक्का, आता मी नीट मराठीत लिहीत नाही, ताकद नाही राह्यली. मले बोट लागली. अशी लागली की एसटी म्हणजे पालखी होती. गोळीच्या पाकिटावर बसायच्या एक तास आधी घ्या असं छापलं होतं म्हणे, विमलनं नंतर वाचून दाखवलं. मी घेतली मुंबई दिसेनाशी झाल्यावर. गोळी गेली पाण्यात. तुझी चिठ्ठी बी पुडक्याच्या कागदासंगं मुंबईच्या लॉजवर फेकल्या गेली. लिंबं तेवढी माझ्या खिशात राह्यली, ती हुंगून राह्यलो.

बोटीवरचा डॉक्टर म्हणे, जे हालत नाही अशा एखाद्या गोष्टीकडे पाहत राहा. अक्का, इथं हालत नाही असं काहीच नाही. भिंत हालते, ताट हालते, खुद्द डॉक्टर हालते. सूर्य बुडाल्यावर विमलनं मले धरून वरच्या मजल्यावर नेलं. तिथं तिले बारीकसा चंद्र दिसला, आपल्या बीजेचा. मी कठडा धरून त्याच्याकडे पाहत राह्यलो. खोटं वाटंन तुले, पण तेवढा वेळ पोट गप्प होतं. पाऊण तास मी माणसासारखा उभा होतो. मंग तो बुडाला, अन् मी होतो तसा झालो.

तू आता काय करत असशीन? सहदेव साडी घेऊन आला असंन. मले इथं बिलकुल गमत नाही. पाटावर बसाचं सोडून मी कुठी येऊन बसलो, असं सारखं मनात येऊन राह्यलं.

सकाळी जोडतो: गोवा आलं. विमल खाली उतरून पत्र टाकते. उद्या संध्याकाळी भाषण. भाऊरावले बोट लागत नाही. काल त्यानं माझ्यासमोर मासे खाल्ले.

या दुबळ्या भावावर राग धरू नको.

गजू


॥ श्री ॥
अमडापूर, तुझंच घर,
दि. ३१ ऑक्टोबर २००८

चि. गजू,

हे पत्र टपालात टाकत नाही, बंगईवर ठेवून जाते. आल्यावर दिसंन.

बीजेच्या सकाळी सहदेव साडी घेऊन सोनाळ्याले आला. मी साडी पिशवीत घातली अन् त्याले म्हटलं, चाल, दरसाल नेते तसं ने. दुपारी पोचली. जमीलाभाभीनं किल्ली देली, संगं वाटीभर शीरखुर्मा देला. कुलूप मी उघडलं. मले वाटलं होतं, माणूस घरी नसला म्हणून काय झालं, माहेर त माहेरच राह्यते. नाही राह्यत, गजू. भिंती राह्यतात.

अंगण झाडलं, रांगोळी काढली, पाट मांडला. पाटाकडे पाहवेना, म्हणून उचलून ठेवला. फोटोले ओवाळाचं नाही, ते अभद्र. मंग दिवस बुडाल्यावर मागच्या ओट्यावर ताट घेऊन उभी राह्यली. जमीलाभाभी भिंतीपलीकडून पाहत होत्या. चंद्र एवढासा, नखासारखा. मी त्याले ओवाळलं. भाऊ जितता असताना ओवाळलं, म्हणून तोंडानं तुझं नाव घेत राह्यली, नाही त देवाचा घोटाळा व्हायचा. तू त्या वेळी बोटीवर जेवत असशीन, नाही त नाचत असशीन.

सोजराबाईले मी इतके वर्षं बिचारी म्हटलं. आता नाही म्हणणार.

मागच्या खोलीत पाच पोती पाह्यली. ताट घासून जाग्यावर ठेवलं. साडी बंगईवरच ठेवून जाते. पुढच्या साली सहदेवले पाठवू नको. तुले स्वतः येता आलं त ये, नाही त राहू दे. चंद्र सोनाळ्याले बी निंघते.

विमल आली की तिले सांगजो, तुळशीले पाणी घातलं हाये.

आशाअक्का


॥ श्री ॥
अमडापूर,
दि. ४ नोव्हेंबर २००८

ती. सौ. आशाअक्कांना विमलचा वाकून नमस्कार, वि. वि.

आम्ही परवा रात्री सुखरूप पोचलो. मी सुखरूप, हे आठ किलो कमी. भाषणाची हकीकत हे तुम्हाला लिहिणार नाहीत, म्हणून मीच लिहिते.

समारंभाला हे टाय लावून बसले होते आणि हातात तुमचं लिंबू होतं. आधी भाऊरावांचं भाषण झालं. ते म्हणाले की त्यांच्या तालुक्यात प्रत्येक शेतकरी लहान पाकीटसुद्धा नियमाप्रमाणे पेरतो. मोठी टाळी पडली. मग यांचं नाव पुकारलं. हे मंचावर चढले, दोन्ही हातांनी मेज धरलं आणि सन्माननीय व्यासपीठ एवढं म्हणाले. बंगईवर निदान चार वाक्यं तरी होत होती. पुढच्या क्षणी लिंबू एकीकडे आणि हे दुसरीकडे पळाले.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. साहेबांनी विचारलं की बाई, तुम्ही दोन शब्द बोलता का. मला भाषण येत नाही, पण मोसमात काउंटरवर मीही बसते. तुमचा ओवा मी ज्या कागदात बांधून पर्समध्ये ठेवला होता, तो आपल्या बियाण्याच्या पाकिटातलाच कागद निघाला. मी तो सरळ केला, ओवा झटकला आणि वाचून दाखवला. लहान पाकिटातलं बियाणं वावराच्या सभोवती पेरावं, असं सगळं अगदी शुद्ध मराठीत लिहिलं आहे. मग सांगितलं की हे आम्ही कोणालाच सांगत नाही, आमच्याकडे पाच पोती पडून आहेत, आणि ते पेरणारी आमच्या ओळखीत एकच बाई आहे, ती सोनाळ्याची माझी नणंद. अळीच्या माहेराचंही सांगितलं. मागून कोणीतरी हसलं आणि मग अख्खी बोट हसली. साहेबांनी विचारलं, आपापल्या गिऱ्हाइकाला हे सांगणारे किती, हात वर करा. भाऊराव पाणी प्यायला लागले.

मुख्य विक्रेते भाऊरावच झाले. आम्हाला खरं बोलल्याबद्दल भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मला वाटलं, हे माझ्यावर चिडतील. पण यांनी अंथरुणातून एवढंच विचारलं की अक्काचं नाव घेतलंस का. मी घेतलं म्हटलं, तर भिंतीकडे तोंड करून झोपले.

आता खरं सांगते. घरी आल्यावर यांनी तुमचं पत्र बंगईवर बसून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला विचारलं की आपण त्या दिवशी वर किती वाजता गेलो होतो. मी म्हटलं, सूर्य बुडाल्याबरोबर. मग यांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि मी वाचेपर्यंत तोंडावर टॉवेल धरून बसले. पोट नव्हतं बिघडलं.

रविवारी हे पहिल्या एसटीने सोनाळ्याला निघतात. मी म्हटलं गाडी ठरवू, तर नको म्हणाले. गोळी बरोबर एक तास आधी घेणार आहेत, त्यासाठी कंपनीचं घड्याळ उशाशी घेऊन झोपतात. तुम्ही उंबऱ्यात रागावून उभ्या राहू नका, एवढंच मागते.

तुमची,
विमल


॥ श्री ॥
सोनाळा,
सोमवार, दि. १० नोव्हेंबर २००८

चि. सौ. विमलले अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र शनिवारी भेटलं. म्हणून काल मी स्टँडवर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तो ओवाळाले नाही, तोंड धुवाले. एसटी आली. गजू ड्रायव्हरच्या मागं, पहिल्या शिटावर. उतरला तो पिवळा पडला होता. एकदा शेगावच्या पुढं अन् एकदा वरवटले, म्हणे. गोळी वेळेवर घेतली होती, पण खामगावले गाडी दीड तास बिघडली, त्याले घड्याळ काय करंन? एकादस होती, नाही त आणखी झालं असतं. मी त्याचं तोंड धुतलं. रागाचं सारं पाठ करून ठेवलं होतं, पण त्याच्या शर्टावर ते पाहून मले परकर आठवला अन् हासू फुटलं. मंग रडू बी आलं. स्टँडवरचे लोक पाहत राह्यले.

बीजेच्या चंद्राचं त्यानं मले सांगतलं. गोव्याहून टाकलेलं पत्र आधीच आलतं, मले माहीत होतं. तरी मी सारं ऐकून घेतलं. तो म्हणे, पाऊण तास पोट गप्प होतं ते तुझ्या ओवाळण्यानं. मी म्हटलं, ते डॉक्टरच्या सांगण्यानं. देवाले उगाच चढवू नये.

संध्याकाळी पाटावर बसवला. ओवाळलं. त्यानं ताटात तीच साडी ठेवली, मी बंगईवर ठेवली होती ते. अन् वर लहान पाकिटं, चांगली चोवीस. म्हणे, पुढच्या साली तुझ्या वावराची कडच काय, अर्धं वावर पेर, अन् दुकानात बी आता मी प्रत्येकाच्या हातात देईन. मी चष्मा लावून पाकीट पाह्यलं. मार्चमध्येच, पेरणीच्या आधीच, मुदत संपते असं छापलं हाये. यानं वाचलंच नाही! तरी मी ठेवून घेतली.

सोजराबाई दारातून पाहत होती. मी ताट तिच्या हाती देलं. ती म्हणे, आशाबाई, मले खाली ओवाळाची सवय नाही, माझा हात वरच जाते. मी म्हटलं, आण खाली, हा पाटावरच बसला हाये. तिनं ओवाळलं तेव्हा गजूनं खिसे चाचपले, काही नव्हतं, मंग लिंबू निंघालं तेच ताटात ठेवलं. सोजराबाईनं ते लिंबू पदराले बांधून नेलं. साठ वर्षांची बाई, रात्री जेवली नाही म्हणे, पोट भरलं होतं.

दोन दिवस ठेवून घेते त्याले. बुधवारी आम्ही दोघं येतो, एसटीनं, पहिल्याच शिटावर. किल्ली यंदा जमीलाभाभीकडे ठेवू नको. दार उघडं ठेवजो.

तुझी,
आशाअक्का